स्मरणार्थ टायर

खारूच्या आईने सोसायटीच्या सभेत आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडले, आणि त्या एका वाक्यापायी अंगणातल्या घसरगुंडीला फाशीची शिक्षा झाली.

वाक्य तसे निरुपद्रवी होते. "घसरगुंडीखाली नुसतं सिमेंट आहे, मुलांना लागतं, काहीतरी करा." आता समितीसमोर 'काहीतरी करा' असे कधी म्हणू नये, हे शहाणपण कॉलेजात शिकवत नाहीत. खारूची आई संख्याशास्त्राची पदवीधर. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे तिला कागदावर मांडता येई. समिती काय करील याची शक्यता मात्र अजून कुठल्याच शास्त्राला मांडता आलेली नाही. सभासद पाणी प्यायले, त्यांनी चष्मे पुसले, छताकडे पाहिले. सिमेंट मऊ करणे कठीण, घसरगुंडी काढणे सोपे. ठराव झाला: घसरगुंडी काढून टाकावी आणि मोकळ्या जागेत गाड्या लावाव्यात. सेक्रेटरींनी तो खड्या आवाजात वाचला आणि शेवटी जोडले, "खारूच्या आईंच्या सूचनेवरून."

झाले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेले प्रत्येक मूल तिच्याकडे असे बघू लागले, जणू तिने कोणाचे तरी मांजर चिरडले होते. खुद्द खारूने जेवताना ताट पुढे ढकलले आणि विचारले, "आई, तू घसरगुंडीला का मारतेस?"

खारू म्हणजे साडेतीन वर्षांची, हाताला लागेल त्यावर चढणारी मुलगी. जन्मदाखल्यावर तिचे नाव वेगळे आहे, पण ते आता फक्त डॉक्टर वाचतात. आणि तिची आई म्हणजे अशी, की खारू शिंकली तर ती डॉक्टरांना फोन करी, आणि बराच वेळ शिंकली नाही तर का शिंकत नाही म्हणून करी. द्राक्षाचे चार तुकडे, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, खिडकीला जाळी, जाळीला आतून आणखी एक जाळी. आणि तरीही संध्याकाळी हा एवढासा जीव घसरगुंडीची शिडी चढून टोकाला उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात सोडले, की आईच्या काळजाचे पाणी होई आणि त्याच वेळी तिला वाटे, हे धाडस आले कोठून? आपल्या घरात तर कोणी स्टुलावरसुद्धा चढत नाही. बल्ब बदलायला माणूस बोलवावा लागतो.

ती सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी निवृत्त होते. कशातून, ते कोणालाच नीट माहीत नव्हते, पण अजूनही ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घरातल्या टेबलाशी बसत.

"ठराव मागे घेता येत नाही," ते म्हणाले. "मात्र स्थगित ठेवता येतो. पुढच्या सभेपर्यंत जमीन मऊ करून दाखवा. घसरगुंडी राहील. नाही झाली, तर गाड्या. मी स्वतः गाडी घ्यायचा विचार करतोय."

"मऊ म्हणजे किती मऊ?"

"ते समिती ठरवील."

जमीन मऊ कशी करावी, यावर इमारतीत तज्ज्ञांची वाण नव्हती. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "वाळू टाकू नकोस हं. वाळूत मांजरी काय करतात, मी सांगायला नको." म्हणजे सांगितलेच. कोणी म्हणाले, जुन्या गाद्या पसरा; कोणी म्हणाले, गवत लावा; त्यावर तिसरा म्हणाला, गवत लावलं तर त्यावर मुलांना जाऊ देऊ नका, मरतं. खारूच्या बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता उपाय सुचवला, "जमीन कशाला मऊ करतेस? खारूलाच उशा बांध." हे ते गमतीने म्हणाले, पण बायकोच्या चेहऱ्यावर विचाराची छाया पाहून त्यांनी घाईने वर्तमानपत्र मिटले.

उपाय सापडला तो गाडी पंक्चर झाली तेव्हा. टायरवाल्याच्या दुकानामागे जुन्या टायरांची चळत होती. आई पंक्चरकडे बघत होती तेवढ्यात खारू चळतीवर चढली. आईने किंकाळी फोडली. किंकाळीने दचकून खारू वरून सुटली. आणि खालच्या टायरांवर पडून चेंडूसारखी उसळली. बसली. हसली. म्हणाली, "परत!"

"ताई, श्वास घ्या," टायरवाला म्हणाला. "जन्मभर खड्डे खाल्लेत त्यांनी. तुमच्या पोरीचं वजन ते काय!"

"या जुन्या टायरांचं पुढे काय होतं हो?" आईने श्वास घेऊन झाल्यावर विचारले.

"हाच तर घोळ आहे. काहीच होत नाही. कुजत नाही, पुरलं तर वर येतं, जाळलं तर सगळी वस्ती खोकते. चोरसुद्धा नेत नाही. एक कारखाना आहे गावाबाहेर, ते टायर दळतात आणि त्याच्या भुग्याची खेळायची जमीन करून देतात. एकदम लवचिक. पण त्यांना लॉरी भरून माल लागतो. हे मूठभर घेऊन कोण येतंय?"

खारूच्या आईच्या डोक्यात दिवा लागला. दुर्दैवाने तो लगेच विझला नाही.

तिने कारखान्याला फोन केला. तिथल्या मालकीणबाई फोनवरही एवढ्या मोठ्याने बोलत, की फोन नसता तरी चालले असते. "लॉरीभर टायर द्या, जमीन करून देते! फक्त डिंकाचा आणि मजुरीचा खर्च! पण लॉरी भरली पाहिजे!" खर्च ती पदरचा करणार होती, पण लॉरीभर टायर आणायचे कोठून? इमारतीत वर्गणी मागितली तर लोक आतून दिवे घालवतात, हा अनुभव होता. टायर तरी कोण देणार? म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर निरोप लिहिताना तिने शेवटी एक वाक्य जास्तीचे घातले. या एका वाक्याचा तिला पुढे जो पश्चात्ताप झाला, तो सभेतल्या वाक्याच्याही वरताण होता.

'देणाऱ्याचे नाव टायरवर पांढऱ्या रंगात लिहिले जाईल.'

त्या इमारतीचा स्वभाव माहीत असता, तर कोणी हे लिहिले नसते. तिथे बाकावर नाव होते, पाण्याच्या टाकीवर नाव होते, लिफ्टमधल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर एकेक नाव होते, म्हणून पंखा फिरू लागला की देणारे रागावत. दारातले बंद पडलेले घड्याळ दुरुस्त होत नव्हते, कारण ते 'सप्रेम भेट' होते आणि उघडायचे तर अक्षरांवरूनच पेचकस फिरवावा लागला असता. अशा माणसांना आयुष्यात पहिल्यांदाच, खिशाला हात न लावता, अडगळ देऊन नाव मिळत होते. सकाळी निरोप गेला. संध्याकाळी खारूचे बाबा घरी आले तेव्हा त्यांना इमारतीचे दार सापडेना.

टायर आले. मोटारींचे आले, स्कूटरींचे आले, गच्चीवर, पलंगाखाली, माळ्यावर 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेले आले. ज्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती त्यांनी मेव्हण्यांकडून मागवले. बातमी गल्लीत गेली, मग पुढच्या गल्लीत, आणि गॅरेजवाले हातगाड्या भरभरून आणू लागले. त्यांना नावाचीही हौस नव्हती, फक्त एकदाचे हे जाऊ दे एवढीच इच्छा होती. वरच्या वहिनींनी कहर केला. त्यांच्या भावाने ट्रॅक्टरचे टायर पाठवले, खारूच्या बाबांपेक्षा उंच.

"माझ्या माहेरचं आहे," वहिनी म्हणाल्या. "पुढे लाव. दिसेल असं."

त्यावर समोरच्या घरातल्या मावशींनी लगेच विचारले, "त्यांचं नाव एवढं मोठं, आणि आमचं एवढंसं का?"

"मावशी, तुमचं टायर सायकलचं आहे. त्यावर मोठं मावत नाही."

"मग आडवं लिही ना! भोवतीनं!"

खारूची आई रोज संध्याकाळी ब्रश घेऊन बसे. काखेत खारू, पायाशी पांढऱ्या रंगाचा डबा, आणि पाठीशी शुद्धलेखन तपासणारे सेक्रेटरी. त्यांनी स्वतःही एक टायर दिले होते. गाडी घ्यायची म्हणून आधीपासून जमवलेले. 'सप्रेम' की 'कृतज्ञतापूर्वक', यावर ते दोन दिवस अडले होते. पदवी घेताना तिने पाहिलेल्या स्वप्नांत आपण असे मांडी घालून रबरावर 'सौ.' काढत बसू, हे कोठेही नव्हते.

एकच टायर वेगळे आले. तळमजल्यावरचे स्कूटरकाका ते हातात घेऊन, पुसून, आले होते. स्कूटर केव्हाच भंगारात गेली होती आणि काकू त्याच्याही आधी. पण मागचे चाक काकांनी ठेवले होते.

"माझं नाव नको," ते म्हणाले. "लिही, 'मागे बसणारीच्या स्मरणार्थ.' तिला कळेल."

खारूच्या आईने ते सगळ्यात सावकाश लिहिले. सेक्रेटरींनी तेवढा वेळ रंगाचा डबा हातात धरला.

मग एका संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेल्यावर ती मागे सरकली आणि पहिल्यांदा तिने तो ढीग पुरता पाहिला. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत पोचला होता. तिच्या मनात आले, यातले प्रत्येक टायर किती चालले असेल! दवाखान्यापर्यंत, शाळेपर्यंत, कोणाला आणायला, कोणाला सोडायला. गावातले सगळे रस्ते गुंडाळी करून कोणी आपल्या अंगणात आणून ठेवलेत. आणि आपण त्यांना 'भंगार' म्हणतो! ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. डास चावू लागले तेव्हा भानावर आली.

डास. ही बाब तिच्या हिशेबातून निसटली होती. नगरपालिकेच्या नाही.

आरोग्य निरीक्षक बॅटरी घेऊन आले ते थेट ढिगापाशी. "कोणाचे हे?"

"सगळ्यांचे," खारूची आई म्हणाली. "नावं आहेत, बघा."

निरीक्षकांनी वाचायला सुरुवात केली. 'यांच्या स्मरणार्थ', 'हिच्या स्मरणार्थ', 'सप्रेम', 'कृतज्ञतापूर्वक'... वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला आणि त्यांनी टोपी काढली. "काय झालं हो?" त्यांनी कुजबुजत विचारले. "अपघात?"

खरा प्रकार कळल्यावर त्यांनी टोपी परत घातली, जरा जोरानेच. एका टायरात साचलेल्या पाण्यावर त्यांनी बॅटरीचा झोत टाकला. "या, बघा."

खारूच्या आईने वाकून पाहिले. पाण्यात बारीक बारीक जीव वळवळत होते, शेकड्यांनी, डोके खाली आणि शेपूट वर करून, कामावर निघाल्यासारखे. तिची नजर हटेना.

"या एका टायरात एवढे?"

"एका वाटीभर पाण्यात एवढे. गावात कुठेही टायर पडलं, की ही वसाहत सुरू. पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही. आकारच तसा आहे." निरीक्षक उसासून म्हणाले. "मी जन्मभर एकेक टायर शोधत फिरलो, बाई. गच्च्या, नाले, गॅरेजमागच्या बोळी. तुम्ही सगळे एका जागी आणून दाखवलेत, त्याबद्दल तुमचा सत्कार करावा असं वाटतं. पण आधी नोटीस काढतो. चार दिवसांत हलवा. नोटीस कोणाच्या नावाने काढू?"

जिन्यातून सेक्रेटरींचा आवाज आला, "खारूच्या आई."

तिने त्याच दिवशी लॉरी बोलावली. लॉरी आली, पाठ करून उभी राहिली, हमालाने पहिल्या टायराला हात घातला, आणि तिसऱ्या मजल्यावरून आरोळी आली, "ए! ते कुठे चाललंय?"

"कारखान्यात," खारूची आई म्हणाली. "दळायला."

इमारत खाली आली. म्हणजे माणसे आली. पण आवाज तसाच झाला.

"दळायला? आमचं टायर?"

"पण निरोपात तसंच..."

"निरोप सगळा कोण वाचतं? आम्हाला वाटलं, भिंतीकडेनं ओळीनं पुरणार. झाडं लावणार. जाणारा-येणारा नावं वाचणार!"

"आणि दळायचीच होती, तर नावं कशाला घातलीस गं?" मावशींनी विचारले.

खारूच्या आईने ब्रश पाठीमागे लपवला. वहिनींनी ट्रॅक्टरच्या टायराला मिठी मारली. त्यांचे हात निम्म्यापर्यंतही पोचेनात, पण भावना पोचली. सेक्रेटरी आपल्या टायरावर बसले आणि पुढे बघत राहिले. लॉरीवाल्याने थोडा वेळ हे पाहिले, विडी विझवली आणि रिकामी लॉरी घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात खाली मान घालून बसली. एका बाजूला नोटीस, एका बाजूला सभा, मध्ये टायर. "चार दिवसांनी पालिका टायर नेईल, आणि रविवारी समिती घसरगुंडी नेईल," ती म्हणाली. "आणि दोन्ही माझ्या नावावर."

बाबांनी पहिल्यांदाच वर्तमानपत्र बाजूला ठेवले. "अगं, लोकांना टायराचं प्रेम नाहीये. आपलं माणूस एकटंच कुठेतरी गेलं, याची रुखरुख आहे. मुलीला बोर्डिंगात पाठवताना आईबाप नाही का सोडायला जात? तसं जाऊ देत यांनाही."

लग्नाला सहा वर्षे झाली होती, पण हा माणूस इतका विचार करू शकतो, हे तिला नवीन होते.

तर असे निघाले: पुढे टायरांनी भरलेली लॉरी, मागे बसमध्ये देणारे. डबे, पाण्याच्या बाटल्या, मावशींचा स्वेटर, उलटीसाठी लिंबू. कोणीही टायर द्यायचे कबूल केले नव्हते. 'बघून ठरवू' एवढीच अट होती. वळणावर लॉरी हेलकावली, की वहिनी खिडकीतून ओरडत, "अहो, सांभाळून! माझं वरच आहे!"

मालकीणबाई बूट घालून, कानांवर झाकणे लावून दारातच उभ्या होत्या. "या! पाव्हणे टायर पोचवायला आलेले मी पहिल्यांदा बघतेय!" त्या गरजल्या, आणि सगळ्यांना आत घेऊन गेल्या.

आता खारूच्या आईला कारखाना म्हटल्यावर वाटले होते, काहीतरी वेगाने फिरत असेल, ठिणग्या उडत असतील; म्हणून तिने खारूला घट्ट कडेवर घेतले होते. पण तिथली मुख्य गोष्ट अजिबात वेगाने फिरत नव्हती. दोन जाडजूड लोखंडी रूळ, त्यांवर दात, आणि ते रूळ इतके सावकाश फिरत होते, की एखादा म्हातारा पान चावतोय असे वाटावे. मालकीणबाईंनी गॅरेजचे एक बिननावाचे टायर पट्ट्यावर टाकले. ते डुलत डुलत वर गेले, रुळांवर टेकले, एकदा अंग चोरले, आणि आत गेले. घाई नाही, आरडाओरडा नाही.

पुढच्या यंत्रातून तुकडे आणखी बारीक होत गेले. एका फिरत्या पिंपावर चुंबक होते. तुकडे त्याखालून जाताना त्यांतल्या तारा उठून केसांसारख्या ताठ उभ्या राहत आणि बाजूला पडत. टायरात एवढी तार असते, हे कोणाला माहीत होते? एका नळीतून धाग्यांचा कापूस उडून जाई. आणि अगदी शेवटी, एका तोटीखाली, काळे दाणे पडत होते. मोहरीएवढे. स्वच्छ. झरझर झरझर, अखंड.

खारू कडेवरून उतरली आणि तिने ओंजळ धरली. आईने तिला अडवले नाही. कारण आईनेही शेजारी ओंजळ धरली होती. दाणे कोमट होते. दाबले की दबत, सोडले की पुन्हा पहिल्यासारखे होत. जे कुजत नाही, पुरून राहत नाही, धड जळत नाही, ज्याच्यापुढे सगळ्या गावाने हात टेकले, ते असे पाण्यासारखे बोटांतून वाहत होते.

"याला वितळवता येत नाही!" मालकीणबाई यंत्रावर आवाज चढवून सांगत होत्या. "एकदा टायर झालं, की झालं! म्हणून दळायचं! मग डिंकात कालवायचं, थापायचं, की जमीन!"

"पण यातलं माझ्या माहेरचं कुठलं, ते कसं कळणार?" वहिनींनी दाण्यांकडे बघत विचारले. आवाजात आता भांडण नव्हते.

"नाही कळणार!"

नाव असलेले पहिले टायर पट्ट्यावर कोणी ठेवायचे, हा प्रश्न मध्येच उभा होता आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते. खारूच्या आईला कळून चुकले, की आता आपण एक शब्द बोललो तर लॉरी आली तशी भरलेलीच परत जाईल. तिने ओठ दाबून धरले.

"आधी माझं घ्या," स्कूटरकाका म्हणाले.

"काका, तुमचं नको," सेक्रेटरी चटकन म्हणाले. सेक्रेटरी! "तुमचं आपण ठेवू. तसा ठराव करू."

"ठेवून काय करू? इतकी वर्षं ठेवलंच होतं की." काकांनी टायर छातीशी धरले होते. "ती मागे बसायची आणि प्रत्येक वळणावर माझा शर्ट ओढायची. 'अहो, पडू आपण, पडू आपण!' एकदाही पडलो नाही. पण भीती कायम. आता तिथं पोरं पडतील आणि त्यांना लागणार नाही. तिचं याहून चांगलं स्मारक मला तरी करता येत नाही."

त्यांनी टायर पट्ट्यावर ठेवले. ते वर जाताना पांढरी अक्षरे दिसत राहिली. काकांनी हात थोडा वर केला, बस सुटताना करतात तसा, आणि तो वरच राहिला.

यानंतर जे झाले ते त्या इमारतीला साजेसेच होते. दुसऱ्या नंबरासाठी भांडण झाले.

जमीन घालायला माणसे आली तेव्हा सगळी इमारत खिडक्यांत होती. काळा ओला काला त्यांनी थापीने पसरला, रूळ फिरवला, दोरी बांधली आणि सुकेपर्यंत पाय ठेवू नका म्हणून सांगून गेले. लोकांनी आपसांत वाटण्या केल्याच: "शिडीजवळचा भाग आमचा वाटतो," "नाही हो, तिथं ट्रॅक्टर आहे, रंग बघा ना." निरीक्षक येऊन रिकामे कोपरे बॅटरीने तपासून गेले आणि जाताना, कोणी बघत नाही असे पाहून, दोरीपलीकडे एक अंगठा दाबून गेले.

रविवारी सभा अंगणातच भरली. सेक्रेटरींनी छत्रीच्या टोकाने जमीन टोचली. टोक दबले आणि वर आले.

"मऊ दिसते," ते म्हणाले. "पण पुरावा हवा. वरून पडलं तर लागणार नाही, याची खात्री झाल्याशिवाय घसरगुंडी कायम करता येत नाही."

"कलिंगड टाकून बघू," बाबा म्हणाले.

"कलिंगड सभासद नाही."

"मुलांवर प्रयोग करायचा नाही," खारूची आई म्हणाली, आणि तिला तत्क्षणी कळले, की आपण सभेत पुन्हा तोंड उघडले आहे. सगळी सभा तिच्याकडे वळली होती. समितीच्या एकेका सभासदाने आपापल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सूचना ज्यांची, चाचणी त्यांची," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

ती शिडी चढली. लहान मुलांची शिडी. पाऊल पुरते मावत नाही, ओढणी अडकते, आणि खालून पूर्ण सोसायटी बघत असते. टोकाला पोचून ती उभी राहिली आणि तिने डोळे उघडले. अरे, इथून सगळेच दिसत होते! कुंपणापलीकडचा रस्ता, त्यावर न थकता फिरणारी असंख्य चाके, शाळेचे पत्रे, लांबचा पूल. आणि समोर दुहेरी जाळी लावलेली तिच्याच स्वयंपाकघराची खिडकी, एवढीशी, अंधारी. खारू रोज इथे उभी राहून हे बघत होती तर.

तिने मनातल्या मनात शक्यता मांडायला सुरुवात केली. उंची, वजन, पायाचा कोन. मग ते सोडून दिले आणि दोन्ही हात सोडले.

जमिनीने तिला झेलले. धप्प आवाजसुद्धा झाला नाही. खालून काहीतरी मोठे, समंजस असे दबले आणि त्याने तिला अलगद परत वर दिले. ती बसल्या जागी राहिली. लागले नव्हते. कोठेच लागले नव्हते.

"लागलं का?" सेक्रेटरींनी अधिकृतपणे विचारले.

ती उठली, केस नीट केले, आणि कोणी सांगितलेले नसताना पुन्हा शिडीकडे निघाली. पण तेवढ्यात शिडीपाशी ही भली मोठी रांग लागली होती, आणि पायऱ्या चढणारी खारू वळून जोरात ओरडली, "आई, मध्ये घुसायचं नाही! मागे जा!"

खारू टोकावर गेली. तिने हात सोडले. हवेत ती एवढा वेळ होती, की आईच्या आयुष्यात तेवढा लांब क्षण पुन्हा येणार नाही. पण या खेपेला आईने डोळे मिटले नाहीत, उघड्या डोळ्यांनी पोर पडताना पाहिली, उसळताना पाहिली, धावताना पाहिली.

मग ती निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे सेक्रेटरी होते. बूट हातात.

"मी फक्त तपासणीसाठी," ते मागे न बघता म्हणाले.